‘दुखत नाही’ म्हणजे काय? : मधुमेही वाचकांच्या पावलांचे प्रश्न

गेल्या अंकात मधुमेहींच्या पावलांबद्दल अर्धं पान लिहिलं आणि प्रश्न मागवले. टेबलावर पत्रांचा गठ्ठा झाला. बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे होतंच: ‘तसं पायाला काही दुखत नाही.’ गेली २२ वर्षं मी पुण्यात पावलांची ओपीडी बघते. हे वाक्य कानावर पडलं की मी लिहिणं थांबवते आणि आधी मोजे काढायला सांगते. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही. सहा पत्रं घेतली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

माझं वय ६१, बँकेतून निवृत्त. मधुमेहाला १४ वर्षं झाली. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, ७.१ आहे. रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाऊन येतो. माझ्या साडूंचा पाय गेल्या वर्षी गुडघ्याखाली कापावा लागला, आणि त्यांचीही शुगर काही फार वाईट नव्हती. माझ्या पायाला जखम होणार की नाही, हे आधी कळायची काही सोय आहे का?
– एक वाचक, कोथरूड

काका, सोय आहे. मोठं मशीन लागत नाही, उपाशीपोटी रक्तही द्यावं लागत नाही. अमक्याला जखम होणारच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण तुमच्यासारखी पावलं असलेल्या १०० जणांपैकी पुढच्या दोन वर्षांत किती जणांना होईल, ते बऱ्यापैकी सांगता येतं. त्यासाठी तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, तळव्याला स्पर्श कळतो का. माझ्या खणात पेनाएवढ्या दांडीला बसवलेला नायलॉनचा एक ताठ दोरा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. त्याचं टोक कातडीवर टेकवून दाबलं की १० ग्रॅमचा जोर झाल्यावर तो वाकतो. दोरा वाकला की तेवढाच जोर पडला हे नक्की, मग हात माझा असो की नर्सचा. आधी तो तुमच्या हातावर टेकवून दाखवते, म्हणजे काय ओळखायचं ते समजतं. मग डोळे मिटायचे. अंगठ्याचा तळ, चवड्यावर अंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा. प्रत्येक जागी तीनदा विचारते, आणि त्यात एकदा दोरा टेकवतच नाही, कारण माणसं सवयीने ‘हो, हो’ म्हणत राहतात. घट्टा असेल तिथे टेकवायचा नाही, त्याच्या शेजारी टेकवायचा. काल एक गृहस्थ माझ्यासमोर डोळे मिटून बसले होते. दोरा त्यांच्या अंगठ्याखाली पार धनुष्यासारखा वाकला होता, आणि ते मला विचारत होते, ‘डॉक्टर, सुरू केलं का?’

दुसरी गोष्ट पावलातली नाडी. ती दोन जागी बघायची: पावलाच्या वर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेत; आणि घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे. ठोका लागला नाही तर रक्त पुरेसं पोचतंय का, याची पुढची तपासणी करायची. तिसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न: पायाला पूर्वी कधी न भरणारी जखम झाली होती का, किंवा एखादं बोट काढावं लागलं होतं का?

२०२१ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हजारो मधुमेहींची माहिती एकत्र करून या तीन गोष्टींचा सोपा हिशेब मांडला. दोरा एका जरी जागी कळला नाही तर १ गुण. एक जरी नाडी लागली नाही तर १ गुण. पूर्वी जखम झाली असेल किंवा पायाचा काही भाग काढला असेल तर २ गुण. बेरीज शून्य आली तर दोन वर्षांत जखम होण्याची शक्यता १०० त सुमारे २.४. बेरीज १ असेल तर ६, २ असेल तर १४, ३ असेल तर २९, आणि ४ आली तर ५१, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. आपल्याकडे माणसं घरात, देवळात, अंगणात अनवाणी फिरतात, त्यामुळे आपल्याकडचा धोका या आकड्यांहून थोडा जास्तच असेल, असं मी धरून चालते.

या हिशेबात शुगर कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या साडूंचं उत्तर इथेच आहे. एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांचं सांगते. नसांचं, म्हणजे स्पर्श पोचवणाऱ्या मज्जातंतूंचं, नुकसान त्याआधीच्या सगळ्या वर्षांत होत आलेलं असतं, आणि गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. याचा अर्थ शुगर सांभाळून उपयोग नाही असा कृपा करून घेऊ नका. टाइप १ मधुमेहींवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले, तेव्हा काटेकोर शुगर ठेवणाऱ्यांमध्ये नसांचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. शुगर सांभाळल्याने नसा वाचतात. पण वाचल्या की नाही, हे रक्ताच्या रिपोर्टवर लिहून येत नाही. त्यासाठी पाऊलच बघावं लागतं.

आता संवेदना गेल्यावर जखम होते कशी, तेही सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की ‘साखरेने पाय सडतो’. नसा मधुमेहात टोकाकडून बिघडायला लागतात, आणि पावलापर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून पहिला मार बोटांवर. तिथल्या बारीक स्नायूंना हुकूम पोचत नाही, बोटं आकड्यासारखी वाकतात, चवड्याची हाडं खाली येतात. घाम सुटायचा थांबतो, कातडी कोरडी पडते आणि भेगाळते. सगळा भार चवड्यावरच्या दोन-तीन ठिकाणी येतो, तिथे घट्टा धरतो, आणि तो घट्टाच बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसावर दाब देत राहतो. ज्याला दुखतं तो लंगडतो, पाय बदलतो, चप्पल काढून बघतो. ज्याला दुखत नाही तो टेकडी चढत राहतो. घट्ट्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस मोज्याला डाग दिसतो.

कुष्ठरुग्णांच्या पायांच्या जखमा रोगाने मांस झडून होतात, असं पूर्वी डॉक्टरही मानत. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की त्या जखमा न कळलेल्या दाबाच्या, भाजण्याच्या, कापण्याच्या असतात. मधुमेहाच्या बधिर पावलाकडे बघायला आम्ही शिकलो ते कुष्ठरोगाच्या कामातून. आम्ही सर्रास लिहून देतो ती एमसीआर, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पलही तिथूनच आली आहे.

तुमच्यासाठी: दोरा कळला आणि नाड्या लागल्या तर वर्षातून एकदा तपासणी पुरे. यातलं एक बिघडलेलं असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही बिघडलेली असतील, किंवा एक बिघडून शिवाय बोटं वाकलेली असतील, तर ३ ते ६ महिन्यांनी. त्याच्या जोडीला जुनी जखम असेल, बोट काढलेलं असेल किंवा किडन्या निकामी झालेल्या असतील तर १ ते ३ महिन्यांनी. टेकडी सोडू नका. फक्त पहिली तपासणी होईपर्यंत सँडल नको, पुढून बंद आणि दोरीचे बूट घाला, आणि घरी आल्यावर मोजे काढून तळवे बघा.

मुलाने पॅकेजमध्ये सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्टमध्ये ‘बायोथेसिओमेट्री: उजवा ३२ व्होल्ट, डावा २९ व्होल्ट’ आणि ‘एबीआय १.४५’ असं आहे. एबीआय ०.९ पेक्षा कमी नसावा असं वाचलं, म्हणजे माझा तर भरपूर आहे. रिपोर्ट चांगला समजायचा ना?
– निवृत्त शिक्षिका, वाकड

बाई, नाही. दोन्ही आकड्यांना डॉक्टर लागेल.

बायोथेसिओमीटर म्हणजे थरथरणारी एक मूठ. ती पायाच्या अंगठ्याला लावून व्होल्ट वाढवत नेतात आणि थरथर पहिल्यांदा कळली तो आकडा लिहितात. जितका आकडा मोठा तितकी नस मंद. २५ च्या वर गेलं की जखमेचा धोका वाढलेला धरतात. तुमचे दोन्ही पाय त्या रेषेपलीकडे आहेत.

एबीआय म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं समजतात, हे तुम्ही बरोबर वाचलंत. पण जास्त म्हणजे चांगलं, असं इथे नसतं. मधुमेहात, त्यातून वय झालं की, रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते. पट्टा फुगवला तरी दबत नाही, म्हणून आकडा फुगतो, आणि आतून ती अरुंद असली तरी ते या आकड्यात दिसत नाही. १.३-१.४ च्या वरच्या एबीआयवर मी विश्वास ठेवत नाही. पायाच्या अंगठ्याचं बीपी मोजायला सांगा. अंगठ्याच्या बारीक वाहिन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, त्यामुळे तिथला आकडा खरं बोलतो. अशा वेळी रिपोर्टवर ‘नॉर्मलपेक्षा जास्त’ एवढाच शेरा मारून पाठवून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. माणूस निर्धास्त होऊन घरी जातो.

माझे मिस्टर ६८ वर्षांचे आहेत, शुगर वीस वर्षांपासून. दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात. ‘माझे पाय ठणठणीत आहेत, पर्वती चढून दाखवू का?’ म्हणतात. घरच्या घरी मला काही तपासता येईल का?
– एक भगिनी, सदाशिव पेठ

येईल ताई. आणि हातात काहीही लागणार नाही.

इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या हॉस्पिटलात ही पद्धत तयार झाली, २०११ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांना पलंगावर पाय पसरून बसवा, मोजे काढा. कुठला पाय उजवा आणि कुठला डावा, ते आधी दोघांनी बोलून घ्या. मग डोळे मिटायला सांगा. तुम्ही तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलकं टेकवायचं, एक-दोन सेकंद, की काढायचं. दाबायचं नाही, टकटक करायचं नाही, गुदगुल्या तर नाहीच. स्पर्श कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजव्या पायाचं मधलं बोट, डाव्या पायाचं मधलं बोट. सहा स्पर्श झाले. एखादा कळला नाही तर पुन्हा टेकवून संधी द्यायची नाही, कळला नाही असंच लिहायचं. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असं समजून त्यांना घेऊन या. कळले, तरी वर्षाची तपासणी चुकवू नका. ही चाचणी नाडी बघत नाही.

एक करा, त्यांना सांगू नका की परीक्षा घेते आहे. पर्वती चढणारा माणूस परीक्षेला चिडतो. आधी त्यांच्याकडून स्वतःची तपासणी करून घ्या, मग तुमची पाळी म्हणा.

तुमचं पत्र वाचताना माझे बाबा आठवले. पोस्टातून निवृत्त झालेले, कसब्यात आमचं घर. मी नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. दर महिन्याला त्यांची शुगर मी स्वतः बघायची, बीपी बघायची, औषधं बदलायची. एका संध्याकाळी ते लक्ष्मी रोडवरून पायी आले आणि ओसरीवर बूट काढले. त्यांच्यामागून शहाबादी फरशीवर डाव्या पावलाचे लाल ठसे उमटत गेले, थेट देवघरापर्यंत. आईने किंचाळून मला हाक मारली. बूट उलटा केला तर आतून चिंचोका पडला. माझा भाचा सुट्टीला आला होता, त्याच्या खेळातला. सकाळपासून तो बाबांच्या चवड्याखाली होता आणि ते दिवसभर त्यावर चालले होते. चिंचोक्याच्या आकाराचीच जखम होती, कडा काळसर लाल, मधोमध खोल. ‘काही लागलं नाही गं, दुखलंच नाही,’ असं ते मला समजावत राहिले. तीन महिन्यांनी त्यांचं जखमेजवळचं बोट काढावं लागलं.

दोन वर्षं मी त्यांची शुगर बघत होते. एकदाही मोजा काढायला सांगितला नव्हता. तेव्हापासून माझ्या ओपीडीत शुगरचा कागद नंतर बघते, पाऊल आधी.

म्हणून, मिस्टरांच्या बाबतीत आजपासून एवढं तरी करा: बूट-चप्पल पायात जाण्याआधी उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. हाताच्या बोटांना संवेदना आहे तोवर हातच पायाचे डोळे.

तळव्याला कुरूप झालंय. मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली, सालपट निघालं, पण मूळ राहिलंय. ब्लेडने थोडं काढलं तर चालेल का? मला शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे.
– एक वाचक, धायरी

ब्लेड लावू नका, आणि कॅप आजच काढून टाका. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कातडी विरघळवतं. कुरूप कुठलं आणि चांगली कातडी कुठली हे त्याला कळत नाही. बधिर पायावर ते खोल जातं आणि दुखत नाही म्हणून कुणी काढत नाही. तुम्ही ज्याला मूळ म्हणता तो बहुधा दाबाने कडक झालेला कातडीचाच खिळा आहे. तो दाबाने होतो. दाब तसाच राहिला तर कितीही काढा, परत येणार. त्या जागी काळपट-लालसर ठिपका दिसतो का, ते उजेडात बघा. दिसत असेल तर आत रक्त साकळलंय, आणि याच आठवड्यात दाखवायला हवं. आम्ही ते वरचेवर तासून देतो. त्यात काही मिनिटांचं काम असतं आणि खाली जखम निघाली तर तिथल्या तिथे कळतं.

वय ३४. चार वर्षांपासून शुगर. कारखान्यात शिफ्टमध्ये काम, आठ तास सेफ्टी शूज. रात्री तळपाय इतके जळतात की ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपतो. दुखतंय म्हणजे नसा जिवंत आहेत, मग मला जखमेची भीती नाही ना?
– एक वाचक, पिंपरी

दुखतंय म्हणजे नसा जिवंत आहेत, ही समजूत अर्धीच खरी आहे. बिघडणारी नस स्वतःच आग पेटल्याचे निरोप पाठवते, आणि त्याच वेळी बाहेरचा स्पर्श मात्र पोचवत नाही. रात्री आग आणि दिवसा बधिर, अशी पावलं मी रोज बघते. तुमच्या पायाला दोरा लावून बघितल्याशिवाय काही बोलता येणार नाही, आणि चार वर्षं झाली असतील तर तो आजवर चारदा लावलेला असायला हवा होता. टाइप २ मध्ये निदान होतं त्याच दिवशी पहिली तपासणी करायची असते, कारण शुगर त्याआधी किती वर्षं वाढलेली होती ते कुणाला माहीत नसतं.

दोन गोष्टी विचारून घ्या. मेटफॉर्मिन घेत असाल तर बी१२ तपासा. ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने काही जणांत बी१२ कमी होतं, शाकाहारी असाल तर आणखी, आणि त्या कमतरतेनेही हुबेहूब अशीच आग होते. ती इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी भरून काढता येते. दुसरं, तंबाखू. मळून खात असाल किंवा सिगरेट असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी याहून वाईट काही नाही. हे मी तुम्हाला बहिणीच्या नात्याने सांगते.

शूजचं बघा. कंपनीचे शूज माप विचारून देतात, पाय बघून देत नाहीत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पुठ्ठ्यावर उभे राहा आणि पेन्सिल उभी धरून पावलाची कड आखा. पुठ्ठा कापून बुटात सरकवा. तो कडेने दुमडला तर तुमचा पायही दिवसभर तसाच दुमडलेला असतो. लोखंडी टोपीचा बूट चामड्यासारखा ढिला पडत नाही, म्हणून एक माप रुंद मागायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागली तर जरूर घ्या. शिफ्टमध्ये मधल्या सुट्टीत एकदा बूट काढा, मोजे बदला, आणि बुटात हात घालून बघा. लेथवर काम असेल तर बारीक कीस आत जातो. ओलं फडकं चालेल, पण बर्फ नको, आणि आग होते म्हणून पाय कुठल्याही गरम पाण्यात बुडवू नका.

सासूबाई ६६ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्याखाली जखम झाली होती, भरायला सात महिने लागले. आता पूर्ण बरी आहे. यंदा आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जायचं म्हणतात, आणि तेही अनवाणी. ‘माउली बघून घेईल’ म्हणतात. त्यांना अडवायचं पाप आम्हाला नको, पण भीती वाटते. काय सांगू त्यांना?
– एक सून, हडपसर

ताई, हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही त्यांना अडवायचं पापही म्हणता आणि भीतीही लपवत नाही.

आधी हिशेब. जुनी जखम म्हणजे २ गुण तिथेच झाले. जखम होऊन सात महिने चालते तेव्हा संवेदना बहुधा गेलेली असते, म्हणजे ३. अशा १०० जणांपैकी २९ जणांना दोन वर्षांत जखम होते, आणि ती रोजच्या चालण्यात. दुसऱ्या बाजूनेही बघा: पायाची जखम भरल्यावर वर्षभरात १०० पैकी ४० जणांना ती परत होते, तीन वर्षांत ६० जणांना. म्हणून अशा पायाला मी ‘बरा झाला’ म्हणत नाही, ‘सध्या थांबला आहे’ म्हणते. भरलेल्या जागेची कातडी पूर्वीइतकी मजबूत होत नाही, आणि जो दाब तिथे जखम करून गेला तो अजून तिथेच आहे. त्यावर सुमारे २५० किलोमीटर, डांबर, चिखल, सतत ओले पाय. सगळी वारी पायी नको, आणि अनवाणी तर एक पाऊलही नको. हे माझं स्पष्ट मत आहे.

पण वारी नको, असं मी त्यांना म्हणणार नाही. माझ्या ओपीडीतल्या किती तरी आजी दिंडीच्या गाडीने जातात, मुक्कामी भजनाला बसतात, पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतात. पालखी तुमच्या हडपसरवरून जाते. तिथे एमसीआरची, मागे पट्टा असलेली चप्पल घालून त्यांना अर्धा तास पालखीबरोबर चालू द्या, नवी चप्पल असेल तर महिनाभर आधी घरात रोज थोडा वेळ घालून. दिवेघाट गाडीतून. गाडीत त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवू नका. टेम्पोत इंजिनाची धग खालून येते आणि बधिर तळव्याला तास-दोन तासांत फोड येतो, त्यांना कळतही नाही. देवळात चप्पल काढावी लागते तिथे जाड सुती मोजे ठेवा, दुपारच्या तापल्या दगडी फरशीवर मोजे घालूनही उभं राहायचं नाही. रात्री दिंडीत गरम पाणी आणून पाय शेकायची पद्धत असते. ते पाणी सासूबाईंच्या पायांना नको, कुणी कितीही प्रेमाने आणलं तरी.

रोज मुक्कामावर एक काम तुमच्याकडे. टॉर्च घेऊन दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. मग हाताची मागची बाजू आधी एका पायाच्या अंगठ्याखाली, मग दुसऱ्याच्या त्याच जागी लावा. जखम व्हायच्या आधी कित्येकदा ती जागा आतून तापलेली असते. कातडीचं तापमान मोजायचं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळालं तर चांगलंच: एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून जास्त गरम लागली, तर चालणं तिथल्या तिथे बंद, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर दवाखाना. कुठेही कातडी फुटलेली दिसली तर हळद, चुना, पावडर काही नाही. स्वच्छ गॉज, त्या पायावर भार नाही, आणि २४ तासांच्या आत डॉक्टर. पंढरपूर येईपर्यंत थांबायचं नाही. सगळा पाय सुजला, लाल झाला, गरम लागला आणि जखम मात्र नाही, असं झालं तरी तोच नियम; त्यात आतली हाडं मोडत असू शकतात आणि तरी फारसं दुखत नाही.

प्रस्थानाला अजून वेळ आहे. त्याआधी सासूबाईंना एकदा तपासून घ्या, दोरा आणि नाडी दोन्ही. तपासायला येताना त्यांची रोजची चप्पल घालूनच आणा, नवी नको. तिचा तळ कुठे झिजलाय ते बघायचं असतं.